सांगाडा

पहिल्यांदा तो रस्त्यावर आला
तेव्हा अंगावर काहीच नव्हतं.
दोन लांब तुळया, इंजिन, सहा चाकं
आणि लाकडी खोक्यावर बसलेला हॅरल्ड ऑर्मरॉड.
कातडी कोट, डोळ्यांवर गॉगल, मांडीवर पोतं.
कारखान्यापासून बॉडीवाल्याच्या शेडपर्यंत नव्वद मैल,
लँकेशायरचा जानेवारी थेट छातीवर घेत.

हे सिरिलच्या पत्रात आहे.
सिरिल कोण, मला नीट माहीत नाही.
तिकडे राहतो, निवृत्त आहे,
मेलेल्या बसच्या कुंडल्या मांडतो.
मी फक्त नंबर कळवला होता.
त्यानं सात पानं पाठवली.

पहिले मालक रॅम्सबॉटम बंधू.
पहाटे पाचला गिरणीच्या बायका,
संध्याकाळी त्याच बायका, केसांत कापूस घेऊन.
चौदा वर्षं.
मग थोरला गेला, धाकट्यानं धंदा फुंकला.
मग कुण्या एका चर्चची सहलीची गाडी.
मग दोन वर्षं पुढे कोरा रकाना.
सिरिलनं तिथे पेन्सिलीनं लिहिलंय: कोंबड्या?

मग जहाज.
व्हॅलेटाच्या धक्क्यावर क्रेननं उतरवलं
तेव्हा माझे आजोबा, कार्मनू झेराफा,
खाली वाकून आधी पोट बघत होते.
वरची बॉडी त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.
‘कातडं आपण घालू,’ म्हणाले, ‘हाडं बघ.’

कातडं स्पिरूनं घातलं.
नकाशा नाही, माप नाही,
दोरी, खडू, आणि तोंडात धरलेले खिळे.
मागची तुळई आखूड पडली
तेव्हा गोदीतून जहाजाच्या पत्र्याचा तुकडा आला.
कसा आला ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही.
म्हणजे थोडं समुद्रावरचंही होतं त्यात.

आधी हिरवा, मग पिवळा.
दर्शनी काचेवर संत, त्याखाली आजीचा फोटो,
त्याखाली पंखा, जो संतांकडेच वारा घालायचा.
दार काढून ठेवलेलं, उन्हाळा कुठे संपतो आमच्याकडे?
एका दिवसाआड धावायची पाळी,
उरलेल्या दिवशी आजोबा गाडीखाली,
फक्त चपला बाहेर.
इंजिन तीनदा बदललं, गिअरबॉक्स दोनदा,
खिडक्या, सीटा, माणसं तर किती.
तरी आजोबा म्हणायचे, माझी गाडी सत्तावन्न सालची आहे.

ते गेल्यावर वाटण्या झाल्या.
कारमेला आत्याचा चौथा हिस्सा.
ती खरंच म्हणाली होती, मागची दोन चाकं माझी.
चाकं चार होती मागे. त्यावरून वर्षभर अबोला.

मग सरकारनं नव्या बस आणल्या,
एअरकंडिशन्ड, दारं आपोआप मिटणाऱ्या.
जुन्यांना पैसे देऊन घरी बसवलं.
संग्राहकाला हवी होती बॉडी,
क्रोमचं नाक, स्पिरूच्या हातची वळणं.
‘खालचं तुम्ही ठेवा,’ म्हणाला.

तर खालचं मी ठेवलं.
आठवडाभर तारेचा ब्रश मारला.
पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली काळा,
काळ्याखाली पोलादात ठोकलेले आकडे:
पाच शून्य एक सात चार.
त्यातला सात किंचित तिरका.
हातोडा उचलताना कुणी हाक मारली असेल,
किंवा शेवटची घंटा झाली असेल.
हे सिरिललाही माहीत नाही.

भंगारवाला मोस्ताच्या पुढे, डोंगराखाली.
टेम्पोचं भाडं परवडेना.
इंजिन अजून चालत होतं.
मी लिंबांचं खोकं ठेवलं, त्यावर उशी,
आत्याचा गॉगल घातला
आणि पहाटे पाचला, पोलीस झोपेत असताना निघाले.

वारा सरळ तोंडावर.
पायाखाली रस्ता पळताना दिसतो, माहीत आहे?
बसमध्ये बसून कधी दिसत नाही.
भंगारवाल्याचं वळण आलं.
मी पाहिलं ते.
पेट्रोल पंपावर पोरगा म्हणाला, बाई, बाकीची गाडी कुठाय?
मी म्हटलं, डिझेल भर. पूर्ण.